एपीएलच्या रिपोर्टातलं ‘सीडी५६ पॉझिटिव्ह’ : किती मनावर घ्यायचं?

काचपट्टी (मिरज)

ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, ज्याला वॉर्डात ‘एपीएल’ किंवा जुन्या सवयीनं ‘एम-३’ म्हणतात, त्याबद्दल हा धागा काढतेय. मी मिरजेत रक्ततपासणीच्या कामात आहे, रक्ताचे कर्करोग हाच विषय. सांगली, तासगाव, जत, विटा, पलीकडून शिरोळ-जयसिंगपूर इथले नमुने येतात. रिपोर्ट गेला की नातेवाइकांचे फोन येतात, आणि अलीकडे बरेच फोन एकाच ओळीवरून असतात: ‘मॅडम, सीडी५६ पॉझिटिव्ह लिहिलंय. नेटवर वाईट म्हणतात. आता काय?’

त्या ओळीला अर्थ आहे. पण लोक तिला जितके घाबरतात तितकं तिच्यात नाही. आणि या आजारात खरोखर घाबरावं अशी जी गोष्ट आहे, तिच्याबद्दल मला आजवर फार थोड्यांनी विचारलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सीडी म्हणजे काय ते. रक्तपेशींच्या अंगावर तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं असतात. कुठल्या जातीची पेशी आहे आणि तिची वाढ कितपत झाली आहे, हे त्यांवरून ओळखता येतं. जगभरच्या प्रयोगशाळा त्यांना आपापली नावं द्यायच्या, त्यातून गोंधळ व्हायचा, म्हणून १९८२ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांना सामाईक क्रमांक द्यायला सुरुवात झाली. फ्लो सायटोमीटर हे यंत्र रंग लावलेली प्रतिपिंडं या प्रथिनांना चिकटवून एकेक पेशी लेझरसमोरून सोडतं. कुठला रंग किती चमकला यावरून कुठलं प्रथिन किती आहे ते कळतं, आणि प्रकाश बाजूला किती विखुरला यावरून पेशीत दाणे किती आहेत त्याचा अंदाज येतो.

नेहमीच्या एपीएलचं चित्र असं दिसतं: दाण्यांनी भरलेल्या पेशी, म्हणून बाजूला विखुरणारा प्रकाश भरपूर. सीडी३३ ठळक आणि सगळ्या पेशींवर सारखं. सीडी१३ आहे, पण कमीजास्त पसरलेलं. सीडी११७ बहुधा असतं. मायलोपेरॉक्सिडेज जोरदार. आणि जे नसतं तेही तितकंच बोलकं: एचएलए-डीआर नाही, सीडी३४ नाही, सीडी११बी नाही. इतकं जुळलं की मी रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघत नाही, सरळ वॉर्डात फोन करते.

कारण या खुणांचं पहिलं काम भविष्य सांगणं नाहीच. संशय पक्का करून औषध लवकर सुरू करून देणं हे आहे. आजाराचं अंतिम निदान गुणसूत्रांवर होतं. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, हे शिकागोच्या जेनेट राउली यांनी १९७७ साली दाखवलं. त्या अदलाबदलीतून पीएमएल-रारा नावाचा जोडजनुक तयार होतो, आणि तो पेशीला प्रोमायलोसाइटच्या, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशीच्या, टप्प्यावरच अडवून ठेवतो. फिश किंवा पीसीआर तपासणीत तो सापडला की निदान पक्कं. पण नमुना पुण्या-मुंबईला जाऊन उत्तर येईपर्यंत थांबायचं नसतं. संशय आला, स्लाइड आणि फ्लो तसं सांगतायत, तर ॲट्राची, म्हणजे अडकलेल्या पेशींना प्रौढ करणाऱ्या औषधाची, कॅप्सूल त्याच दिवशी सुरू. पुढे पीएमएल-रारा नाही निघाला तर बंद करता येते. दोन-चार दिवसांच्या ॲट्रानं सहसा काही बिघडत नाही. दोन-चार दिवसांच्या उशिरानं माणूस जातो.

आता सीडी५६. हे मुळात चेतापेशींवर आणि एनके नावाच्या संरक्षक पांढऱ्या पेशींवर असणारं, पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रथिन. एपीएलच्या दहातल्या साधारण एका रुग्णात ते सापडतं. २०११ साली स्पेनच्या पेथेमा गटानं ६५१ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात ७२ जण सीडी५६ पॉझिटिव्ह होते, म्हणजे ११ टक्के. पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात २२ टक्के होतं, बाकीच्यांत १० टक्के. अस्थिमज्जेबाहेर (हाडांतल्या मज्जेबाहेर), उदाहरणार्थ मेंदूच्या आवरणात, आजार परत दिसण्याचा धोकाही त्यांच्यात जास्त होता. नेटवर ‘वाईट’ म्हणून जे फिरतं त्याचं मूळ अशा आकड्यांत आहे.

पण हे आकडे नीट वाचा. २२ टक्क्यांत उलटला, म्हणजे ७८ टक्क्यांत नाही उलटला. दुसरं, त्या रुग्णांना ॲट्रासोबत अँथ्रासायक्लिनची केमो दिली होती, आर्सेनिक त्यांच्या पहिल्या उपचारात नव्हतं. आज कमी आणि मध्यम धोक्याच्या एपीएलला ॲट्रा आणि आर्सेनिक ही जोडी देतात, आणि ती जोडी द्यायची की नाही हे कुठल्याही मोठ्या मार्गदर्शिकेत सीडी५६ वरून ठरत नाही.

ठरतं ते निदानाच्या दिवशीच्या पांढऱ्या पेशींवरून. २००० साली मिगेल सान्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली धोक्याची विभागणी आजही चालते. पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर असतील तर जास्त धोका. १०,००० किंवा त्याखाली आणि प्लेटलेट ४०,००० च्या वर, तर कमी. १०,००० किंवा त्याखाली पण प्लेटलेटही ४०,००० किंवा त्याखाली, तर मध्यम. गल्लीतल्या लॅबमध्ये होणाऱ्या सीबीसीवर हे सगळं लिहिलेलं असतं, आणि लोक ते पान बाजूला सारून फ्लोच्या चौथ्या पानावरची ओळ शोधतात.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते. कुणाचा रिपोर्ट इथं नावासकट टाकू नका.

कृष्णाकाठची

ताई, बरं झालं लिहिलंत. माझ्या धाकट्या दिरांचं आहे हे सगळं. वय ३४. सीडी५६ पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट १८,०००. ॲट्रा चालू झालंय, आर्सेनिक उद्यापासून म्हणालेत. जाऊबाईंनी मोबाईलवर वाचलं आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी त्यांना तुमच्या हिशेबानं ‘मध्यम’ असं सांगू का?

काचपट्टी

हो, मध्यम गट. जाऊबाईंना हा आकडा सांगा: २०१३ साली इटली-जर्मनीच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, फ्रान्चेस्को लो-कोको तिचे प्रमुख होते. कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांना ॲट्रा-आर्सेनिक दिलं. त्या गटात मूल्यमापन झालेल्या ७७ पैकी ७७ जणांची मज्जा पूर्ण स्वच्छ झाली, आणि दोन वर्षांनी आजार न उलटता, काही विघ्न न येता ९७ टक्के जण होते. ॲट्रा-केमोच्या गटात हेच ८६ टक्के. दिरांना नेमका तोच उपचार मिळतोय.

आत्ता सगळ्यांचं लक्ष रक्तस्रावावर हवं. प्लेटलेट १८,००० म्हणजे देत राहाव्या लागणार. रोज दोन आकडे विचारा: प्लेटलेट किती आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) किती. पहिल्या ३० ते ५० हजारांच्या वर आणि दुसरं १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर राखायचा प्रयत्न असतो. फायब्रिनोजेन घसरलं तर क्रायोप्रेसिपिटेट (क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून वेगळा काढलेला गोठण्याच्या घटकांचा साठा) किंवा प्लाझ्मा लागतो. डोकं दुखणं, दृष्टी अंधुक होणं, झोपाळलेपण, उलटी यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी सिस्टरना उठवा.

बेदाणा (सावळज)

मला प्रश्न नाही, सांगायचं आहे. माझा भाऊ यात गेला.

पावसाळ्याचे दिवस. ताप, हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. प्लेटलेट २२ हजार. गावात डेंग्यूची साथ होतीच, त्यामुळं डेंग्यूच म्हणाले. प्लेटलेटच्या पिशव्या लावल्या, सलाइन लावलं, वाढतील म्हणाले. आम्हीही तेच धरून बसलो, कारण शेजारच्या दोन घरांतली माणसं तशीच बरी होऊन आली होती. रक्ताची काच कुणी डोळ्यानं बघितली नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तासाभरात सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे आणि बरा होणारा आहे. ‘बरा होणारा आहे’ हे शब्द ऐकले आणि त्याच रात्री मेंदूत रक्त उतरलं.

सीडीचा रिपोर्ट नंतर आला. त्यात काय लिहिलं होतं ते मी कधी वाचलंच नाही. ताई म्हणतात ते खरं आहे. माणूस त्या कागदापर्यंत पोचला पाहिजे.

काचपट्टी

बेदाणा दादा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल तुमचे फार आभार. या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट ही आहे.

चाचण्यांमधल्या निवडक रुग्णांत सुरुवातीचे मृत्यू थोडे दिसतात. पण अख्ख्या देशाच्या नोंदी बघितल्या की चित्र बदलतं. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदणीत २९ टक्के रुग्ण पहिल्या तीस दिवसांत गेलेले आढळले, अमेरिकेच्या नोंदणीत साधारण १७ टक्के. एवढ्या सोयी असलेल्या देशांची ही गत. हे मृत्यू सीडी५६ मुळं झाले नाहीत. यातले पुष्कळसे रक्तस्रावानं, बरेचदा निदान होता होताच.

रक्तस्राव इतका का होतो तेही सांगते, कारण इथंही पेशीच्या पृष्ठभागावरचंच एक प्रथिन कारणीभूत आहे. एपीएलच्या पेशींवर ॲनेक्झिन-२ फार मोठ्या प्रमाणात असतं. ते गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला भलताच वेग देतं. त्याच पेशी टिश्यू फॅक्टर सोडतात, त्यानं शरीरभर गुठळ्या होऊन गोठण्याचे घटक संपून जातात. एकीकडून साठा संपतो, दुसरीकडून झालेली गुठळी विरघळते. ॲनेक्झिन-२ फ्लोच्या नेहमीच्या रिपोर्टात नसतं, पण पहिल्या आठवड्यात जीव धोक्यात येतो तो याच्यामुळं. ॲट्रा सुरू झाल्यावर त्याचं प्रमाण उतरतं, म्हणून एक दिवसही महत्त्वाचा.

डेंग्यूबद्दल. दोन्हींत ताप, दोन्हींत प्लेटलेट कमी, आणि एपीएलमध्ये पांढऱ्या पेशीही बहुतेकदा कमीच असतात, त्यामुळं फसगत सहज होते. पण डेंग्यूत प्लाझ्मा झिरपतो तेव्हा रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं. एपीएलमध्ये हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. प्लेटलेटच्या मानानं रक्तस्राव जास्त वाटत असेल, इंजेक्शनच्या जागेतून रक्त थांबत नसेल, तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि फायब्रिनोजेन करायला सांगा. आणि सगळ्यात स्वस्त तपासणी: स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त पॅथॉलॉजिस्टनं स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी, काहींत काड्यांची मोळी बांधल्यासारखे ऑअर रॉड. पांढऱ्या पेशी अगदी कमी असतील तर अशा पेशी शोधाव्या लागतात, पण शोधल्या की सापडतात.

कराडकर_फिजिशियन

एमडी मेडिसिन आहे. धागा उत्तम. दोन मुद्दे जोडतो, कारण आमच्यासारख्या पहिल्यांदा रुग्ण बघणाऱ्यांची इथं चूक होऊ शकते.

पहिला, सूक्ष्मदाणी प्रकार. यात दाणे इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, केंद्रक दुभंगलेलं दिसतं, आणि पेशी मोनोसाइट असल्याचा भास होतो. या प्रकारात सीडी३४ आणि सीडी२ पॉझिटिव्ह येऊ शकतात. ‘सीडी३४ आहे म्हणजे एपीएल नाही’ असं म्हणून ॲट्रा टाळलं तर घात होतो. यातच पांढऱ्या पेशी बहुधा चढलेल्या असतात, म्हणजे जास्त धोक्याचा गट.

दुसरा, उलटा फसवा. एचएलए-डीआर आणि सीडी३४ दोन्ही निगेटिव्ह असूनही एपीएल नसणारे काही एएमएल (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) असतात, विशेषतः एनपीएम१ जनुकात बदल असलेले. म्हणून फ्लो जुळला तरी पीएमएल-राराची तपासणी हवीच.

आणि एक मतभेद. सीडी५६ ला आपण फारच हलकं करत नाही ना? पेथेमाच्याच अभ्यासात धोक्याच्या गटाचा हिशेब वेगळा धरूनही सीडी५६ चा परिणाम उरला होता. म्हणजे ते केवळ जास्त पांढऱ्या पेशींचं प्रतिबिंब नव्हतं.

काचपट्टी

डॉक्टर, दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य. सीडी२-सीडी३४ वाल्या प्रकारात एफएलटी३-आयटीडी हा जनुकबदल आणि पीएमएल-राराचा आखूड म्हणजे बीसीआर३ प्रकारही जास्त आढळतात, आणि पांढऱ्या पेशीही जास्त. यातला वाईटपणा सीडी२ चा किती आणि सोबत्यांचा किती, हे सुटं करणं अवघड असतं. पांढऱ्या पेशींची संख्या हिशेबात धरली की यांतल्या बऱ्याच खुणांचं स्वतंत्र वजन उतरतं.

सीडी५६ चं तसं झालं नाही, हे तुम्ही बरोबर दाखवलंत. म्हणून मी रिपोर्टात ते ठळक लिहिते आणि लिहीत राहीन. केमोवर आधारलेला उपचार चालू असेल, त्यातून जास्त धोक्याचा गट असेल, तर हिमॅटॉलॉजिस्ट मेंदूच्या आवरणाचा विचार करताना आणि पुढची देखरेख आखताना ती ओळ जमेस धरतात. धरावीच. माझा आक्षेप एवढाच की नातेवाईक ती ओळ शिक्षा सुनावल्यासारखी वाचतात, आणि त्या धक्क्यात पहिल्या आठवड्यातली धावपळ थंडावते. एका घरानं तर ‘आता काय उपयोग’ म्हणून रुग्णाला घरी न्यायचं ठरवलं होतं. आर्सेनिकनं पूर्ण बरा होऊ शकणारा माणूस.

हळदपेठ

ताई ह्यो आर्सेनिक म्हंजी आपला सोमलच न्हवं का? आमच्या तिकडं एक वैद्य हाईत, त्यांच्याकडं सोमलाची पुडी मिळती. दवाखान्यातलं इंजेक्शन लई महाग म्हणत्यात. पुडीनं भागंल का?

काचपट्टी

दादा, नाही. कृपा करून नाही.

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडच, तुमचं बरोबर आहे. आणि ही औषधाची वाट पारंपरिक वैद्यकातूनच निघाली हेही खरं. चीनच्या हार्बिन शहरात झांग तिंगदोंग यांनी १९७० च्या दशकात एका गावठी औषधातलं आर्सेनिक वेगळं काढून ल्युकेमियाच्या रुग्णांना शिरेतून द्यायला सुरुवात केली. पुढे शांघायच्या लोकांनी ते तपासलं, आणि २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चीनमध्ये तर मनशीळ घातलेली तोंडावाटे घ्यायची गोळीही याच आजारावर चाचण्या करून वापरतात. म्हणजे परंपरेला कमी लेखायचं काही कारण नाही.

पण औषध आणि विष यांत इथं फक्त मात्रेचा फरक आहे. इंजेक्शन वजनाच्या किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, एक-दोन तास हळू सलाइनमधून, तेही इसीजी बघून. कारण आर्सेनिकनं हृदयाच्या ठोक्यांतलं क्यूटी अंतर लांबतं, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल तर ठोका जीवघेणा बिघडू शकतो. म्हणून पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम १.८ च्या वर राखतात. पुडीत किती सोमल आहे हे देणाऱ्यालाही मोजता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आर्सेनिक आता भारतातच बनतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं तर आपल्याकडची गरिबी डोळ्यापुढं ठेवून केवळ आर्सेनिकवर, ॲट्राशिवाय, ७२ रुग्णांवर उपचार केले आणि २००६ साली निकाल छापला. ८६ टक्क्यांची मज्जा स्वच्छ झाली. जगानं त्याची दखल घेतली.

आरोग्यमित्र_माजी

खर्चावर माझ्याकडून थोडं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार घेऊन निदानाच्या दिवशीच जा. ‘ब्लड कॅन्सर’ एवढंच सांगू नका, ‘ॲक्यूट प्रोमायलोसायटिक’ असं पूर्ण नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण पॅकेज आजाराच्या नावावर निघतं. जे योजनेत बसणार नाही त्यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो. मंजुरी यायची म्हणून ॲट्राची पहिली कॅप्सूल मात्र अडवू नका. पहिल्या दिवसांच्या कॅप्सूल खिशातून घ्याव्या लागल्या तरी घ्या.

रक्तमित्र_सांगली

आमचा ग्रुप प्लेटलेटचे दाते जुळवतो. एपीएलचा फोन आला की आम्ही धसका घेतो, कारण एक-दोन पिशव्यांवर भागत नाही.

कुटुंबांसाठी सूचना. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून यंत्रानं काढलेल्या प्लेटलेट, आरडीपी म्हणजे साध्या रक्ताच्या पिशवीतून वेगळ्या केलेल्या. एक एसडीपी साधारण पाच-सहा आरडीपींच्या बरोबरीची. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून एकाच दिवशी वीस जणांना गोळा करून आणू नका. दात्यांना दिवस वाटून द्या. दात्यानं आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. हळदीच्या आणि द्राक्षाच्या सुगीत माणसं मिळत नाहीत हा आमचा अनुभव, त्या काळात कॉलेजच्या मुलांना आधी सांगून ठेवतो. क्रायो ऐनवेळी सगळीकडं नसतं, ते सांगली-मिरजेत कुठल्या पेढीत आहे हे पहिल्याच दिवशी फोन करून विचारून ठेवा.

कृष्णाकाठची

ताई, आज दिरांना ताप आलाय, धाप लागतेय, आणि वजन दोन-तीन दिवसांत चार किलो वाढलंय. पांढऱ्या पेशी १४,००० झाल्या. जाऊबाई म्हणतात सीडी५६ मुळंच आजार वाढला. डॉक्टर राउंडला संध्याकाळी येणार.

काचपट्टी

संध्याकाळपर्यंत थांबू नका. आत्ता ड्यूटी डॉक्टरला सांगा: ‘डिफरन्शिएशन सिंड्रोम आहे का बघा.’ हेच शब्द वापरा.

हा आजार वाढल्याचं लक्षण असेलच असं नाही. ॲट्रा आणि आर्सेनिक या पेशींना मारण्याआधी प्रौढ करतात. अडकलेल्या पेशी एकदम वाढीला लागतात, रक्तात उतरतात, फुप्फुसात आणि ऊतींत पाणी साठतं. ताप, धाप, वजन, सूज. चारातल्या एका रुग्णापर्यंत हे दिसू शकतं. संशय आला तरी डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात, पक्कं व्हायची वाट बघत नाहीत. पेशी चढल्या असतील तर हायड्रॉक्सियुरियाही देतात. हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना आत्ता कळलं पाहिजे. आणि हो, वाढलेल्या १४,००० वरून दिरांचा गट बदलत नाही. गट निदानाच्या दिवशीच्या ३,२०० वरूनच.

कृष्णाकाठची

सांगितलं. डॉक्टर लगेच आले, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावलाय. छातीचा एक्स-रे काढला. तेच म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच नाव.

नर्सबाई_वानलेसवाडी

कृष्णाकाठची ताई, रोज सकाळी एकाच काट्यावर, चहाच्या आधी वजन करायला लावा आणि वहीत लिहा. लघवीचं मापही. वॉर्डात गर्दी असते, घरच्यांची वही असली की आम्हाला फार मदत होते. दात घासायला ब्रश नको, मऊ कापूस. स्नायूत इंजेक्शन कुणी देऊ लागलं तर विचारा की हे गोळीत मिळतं का. ॲट्राची कॅप्सूल जेवणाबरोबर. डोकं फार दुखलं तर तेही लिहा, या औषधानं डोक्यातला दाब वाढू शकतो, लहान मुलांत जास्त.

जतकर

माझ्या बहिणीला चौथ्या महिन्यात हा आजार निघालाय. मिरजेला ॲडमिट आहे. एक डॉक्टर ॲट्रा देऊ म्हणतात, घरचे म्हणतात बाळाला धोका. काय खरं?

कराडकर_फिजिशियन

दोन्ही खरं, फक्त महिन्यांचा फरक आहे. पहिल्या तीन महिन्यांत ॲट्रानं बाळात व्यंग येण्याचा मोठा धोका असतो. चौथ्या महिन्यापासून ते देता येतं, आणि रक्तस्रावाचा धोका बघता तिथं ॲट्राची गरज मोठी आहे. आर्सेनिक मात्र गर्भारपणात टाळतात. हिमॅटॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतील, पण आज औषध थांबवून घरी न्यायचं तेवढं करू नका. थांबलात तर आईही धोक्यात आणि बाळही.

जतकर

बरं डॉक्टर. भावजींना वाचून दाखवलं. ते सही करायला गेलेत.

औदुंबर

मी स्वतः एपीएलमधून बरा झालो आहे. पलूसजवळ राहतो, शेती करतो. माझ्याही रिपोर्टात सीडी५६ होतं, हे मला उपचार संपल्यावर फाइल लावताना कळलं. आधी कळलं असतं तर झोप उडाली असती, म्हणून कृष्णाकाठच्या ताईंच्या जाऊबाईंची अवस्था समजते. त्यांना सांगा, अशी ओळ असलेला माणूस यंदा छाटणी करून मोकळा झाला.

मला आर्सेनिकच्या काळात पायांना मुंग्या येत, त्या हळूहळू गेल्या. सोमवार ते शुक्रवार इंजेक्शन, चार आठवडे, मग चार आठवडे सुट्टी, असं चालायचं. एसटीनं ये-जा केली. कंटाळा येतो, पण एकही चुकवू नका.

कृष्णाकाठची

औदुंबर दादा, जाऊबाईंना तुमची पोस्ट दोनदा वाचून दाखवली. आज जेवल्या.

दिरांची धाप गेली. पेशी उतरतायत. ताई, आता महिन्यानं मज्जा तपासणार म्हणतात. त्यात पीएमएल-रारा पॉझिटिव्ह आला तर काय समजायचं? आणि सीडी५६ परत बघायचं का?

काचपट्टी

पहिल्या टप्प्याच्या शेवटी पीसीआर पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका. तेव्हा पेशी अजून प्रौढ होण्याच्या वाटेवर असतात, त्यांच्यात तो जोडजनुक सापडतोच. त्यावरून उपचार फसला असं कुणी म्हणत नाही. तेव्हा बघायचं ते एवढंच की मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते का आणि रक्ताचे आकडे सावरले का. निर्णायक पीसीआर तो सगळे टप्पे पूर्ण झाल्यावरचा. तो निगेटिव्ह हवा. नंतर कधी परत पॉझिटिव्ह झाला तर नव्या नमुन्यावर पुन्हा खात्री करतात, आणि खरा असेल तर आजार अंगावर दिसायच्या आत उपचार सुरू करता येतो.

सीडी५६ परत बघायची गरज नाही. या आजारात उरलेल्या पेशी शोधायला पीसीआर फ्लोपेक्षा कितीतरी बारीक आहे.

नमुना देताना इतकं करा: पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, फिशसाठी वेगळी हिरव्या टोपणाची. शक्य तर दर वेळी एकाच प्रयोगशाळेत पाठवा. फॉर्मवर पहिल्या रिपोर्टातला बीसीआर प्रकार, १, २ की ३, आठवणीनं लिहायला सांगा, म्हणजे तिथल्या माणसाला नेमकं काय शोधायचं ते कळतं. नमुना शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरला टाकू नका, रविवारभर नळी पडून राहते आणि आरएनए खराब होतं. सोमवारी सकाळी द्या.